मदतीच्या कार्यक्रमातले एक वाक्य

अमेरिकेच्या इतिहासाच्या पेपराला मी गेली काही वर्षे वर्गात एक छोटी चित्रफीत दाखवतो. फार तर दोन मिनिटांची. ती २ सप्टेंबर २००५ च्या रात्रीची आहे. त्या रात्री एन.बी.सी. या दूरचित्रवाणी कंपनीने कॅटरिना वादळातील पूरग्रस्तांसाठी निधी गोळा करण्याचा एक तासाचा कार्यक्रम थेट दाखवला. नावाजलेल्या गायकांनी, नट-नट्यांनी पडद्यावर यावे, गावे, दोन शब्द बोलावेत आणि घरोघरच्या प्रेक्षकांनी रेड क्रॉसला पैसे पाठवावेत, असे त्याचे स्वरूप होते. सुमारे ५ कोटी डॉलर जमले. म्हणजे कार्यक्रम यशस्वी झाला असेच म्हटले पाहिजे. पण त्यात कोणी काय गायले हे आज फारसे कुणाला आठवत नाही. आठवते ते एक वाक्य. ते ऐकून प्रेक्षकांनी जे काय म्हटले त्याचा इतिहास मला इथे मांडायचा आहे. तो परदेशचा असला तरी आपल्याला अनोळखी नाही.

घडले ते असे. माइक मायर्स हा गोरा विनोदी नट आणि कान्ये वेस्ट हा काळा रॅप गायक शेजारी शेजारी उभे होते. समोर लिहून दिलेला मजकूर सरकत होता. मायर्सने आपल्या वाट्याचा मजकूर नीट वाचला. वेस्टची पाळी आली तेव्हा त्याने मजकूर बाजूला ठेवला आणि अडखळत, श्वास लागल्यासारखा तो बोलू लागला. वर्तमानपत्रे आमच्याविषयी ज्या रीतीने लिहितात तिची मला चीड येते, असे तो म्हणाला. काळे कुटुंब दिसले की ते लुटते आहे; गोरे कुटुंब दिसले की ते अन्न शोधते आहे. पाच दिवस मदत आली नाही, कारण तिथले बहुतेक लोक काळे आहेत. मायर्स गांगरला, पण त्याने पुढचा मजकूर वाचून काढला. पुन्हा वेस्टची पाळी आली. त्याने एकच वाक्य उच्चारले: जॉर्ज बुश यांना काळ्या लोकांची पर्वा नाही. त्यासरशी कॅमेरा दुसरीकडे वळवण्यात आला.

लूट आणि शोध यांविषयी तो हवेत बोलत नव्हता. त्याच आठवड्यात दोन वृत्तसंस्थांची दोन छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून लोक पाहत होते. दोन्हींत छातीभर पाण्यातून माणसे खाण्यापिण्याचे सामान घेऊन चालली आहेत. काळ्या तरुणाखालच्या ओळीत 'लुटून' असा शब्द होता, गोऱ्या जोडप्याखालच्या ओळीत 'सापडलेले' असा. छायाचित्रकारांनी आपापला खुलासा नंतर केला, आणि तो अगदीच पोकळ होता असे मी म्हणणार नाही. पण शब्द निवडताना हात आपोआप कुठे जातो, हे त्या दोन ओळींनी दाखवून दिले. 'चोऱ्या करणारी जात' असा शिक्का कपाळी घेऊन ज्यांच्या पिढ्या पोलीस चौकीवर हजेरी देत आल्या, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

कार्यक्रम संपताच कंपनीने निवेदन काढले. वेस्ट यांनी लिहून दिलेल्या मजकुराबाहेर जाऊन आपले मत मांडले, ते आमचे मत नाही, आणि एका माणसाच्या मताने लाखो अमेरिकनांच्या औदार्यावर सावली पडली तर ते दुर्दैवी ठरेल, असा त्याचा आशय होता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कार्यक्रम तीन तास उशिरा दाखवला जातो. तेवढ्या अवधीत ते वाक्य कापून टाकले गेले. पूर्वेच्या प्रेक्षकाने जे ऐकले ते पश्चिमेच्या प्रेक्षकाने ऐकलेच नाही. त्याला ते दुसऱ्याकडून कळले. अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी त्याच महिन्यात एका मुलाखतीत अशी वक्तव्ये किळसवाणी असल्याचे सांगितले. पुढे २०१० साली स्वतः बुश यांनी आठवणींचे पुस्तक लिहिले आणि त्यानिमित्त त्याच कंपनीला मुलाखत दिली. आपल्या कारकिर्दीतील अत्यंत किळसवाण्या क्षणांपैकी तो एक होता, असे ते म्हणाले. त्यांच्या कारकिर्दीत अफगाणिस्तान आणि इराक ही दोन युद्धे झाली होती. ज्या दिवशी संध्याकाळी हा कार्यक्रम झाला त्याच दिवशी सकाळी मदतकार्याच्या प्रमुखाची पाठ त्यांनी जाहीरपणे थोपटली होती आणि दहा दिवसांत त्या प्रमुखाला राजीनामा द्यावा लागला होता. मनाला लागले ते मात्र गायकाचे वाक्य.

वाद कशावर झाला ते पाहा. मदत पाच दिवस का पोचली नाही, यावर तो अर्थातच झाला; पण प्रस्थापितांच्या बैठकीत तो प्रामुख्याने औचित्यावर झाला. ही वेळ होती का? ही जागा होती का? माणसे बुडत असताना राजकारण कशाला? आपल्याकडे १९७२ साली हेच झाले होते. राजा ढाले यांनी 'साधना'च्या अंकात दलित स्त्रीच्या विटंबनेला मिळणारी शिक्षा आणि राष्ट्रध्वजाच्या अवमानाला मिळणारी शिक्षा शेजारी शेजारी ठेवली. गदारोळ उठला तो ढाल्यांनी ध्वजाविषयी वापरलेल्या भाषेवर. ज्या स्त्रियांना नागवे करून मारले होते त्यांच्यावरून तेवढा उठला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन आपली दलित पँथर उभी राहिली होती, म्हणून हे साम्य मला ओढून आणलेले वाटत नाही. ज्याला सोसावे लागते त्याने कोणत्या सुरात बोलावे, हे न सोसणाऱ्याने ठरवायचे हा नियम दोन्हीकडे एकच आहे.

पण सगळ्याच प्रेक्षकांना धक्का बसला असे नाही. प्यू या संशोधन संस्थेने ६ आणि ७ सप्टेंबरला, म्हणजे कार्यक्रमानंतर चारच दिवसांनी, १००० लोकांना विचारले: पूरग्रस्त बहुसंख्येने गोरे असते तर सरकार लवकर धावले असते का? काळ्यांपैकी ६६ टक्के 'होय' म्हणाले. गोऱ्यांपैकी १७ टक्के 'होय' म्हणाले आणि ७७ टक्क्यांनी काही फरक पडला नसता असे सांगितले. एकच पडदा, एकच पूर, छपरांवरून हात हलवणारी तीच माणसे, आणि पाहणाऱ्यांचे हे दोन देश. माझे विद्यार्थी हे आकडे वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात. मी त्यांना विचारतो की चित्र एकच असताना डोळे का वेगळे? तेव्हा वर्ग गप्प होतो.

काळ्यांमधल्याही सर्वांचे मत एक नव्हते. माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल म्हणाले की हा वर्णद्वेष नव्हे, हा दारिद्र्याचा प्रश्न आहे. मात्र दारिद्र्य काळ्यांच्या वाट्याला अधिक आले आहे. बराक ओबामा तेव्हा सिनेटर होते. ६ सप्टेंबरच्या भाषणात त्यांनी नालायकीला रंग नव्हता असे म्हटले आणि लगेच पुढे सांगितले की न्यू ऑर्लीन्सच्या लोकांना केवळ वादळात वाऱ्यावर सोडले गेले नाही, ते कितीतरी आधीपासून सोडलेले होते. वर्ग की वर्ण? ढाले आणि ढसाळ यांची वाट ज्या प्रश्नावर १९७४ साली फुटली तोच हा प्रश्न. मला स्वतःला पॉवेल यांचे उत्तर अर्धे वाटते. ज्याच्याकडे मोटार होती तो शहर सोडून गेला, ज्याच्याकडे नव्हती तो राहिला, हे खरे. पण मोटार कुणाकडे नव्हती आणि का नव्हती, हे विचारले की आपण पुन्हा वर्णाच्या दारात येतो. वादळापूर्वी त्या शहरातील दर तीन माणसांपैकी दोन काळी होती.

आणि इथे आपल्याला १९२७ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या रात्रीच्या कार्यक्रमातच त्याची खूण होती. ॲरन नेव्हिल या न्यू ऑर्लीन्सच्याच काळ्या गायकाने १९२७ च्या लुइझियानावरचे जुने गाणे म्हटले. बहुतेकांनी ते करुण गाणे म्हणून ऐकले असेल. पण ज्यांच्या घरात त्या सालाच्या आठवणी होत्या त्यांना ते वेगळे ऐकू आले असणार.

१९२७ च्या एप्रिलमध्ये मिसिसिपी नदीचे बांध फुटले. सहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले. ग्रीनव्हिल गावाजवळ हजारो काळे शेतमजूर नदीच्या उंच बांधावर अडकले. त्यांना न्यायला बोटी आल्या होत्या. गोऱ्या बायका-मुलांना त्यातून नेले. मजुरांना मात्र जमीनदारांनी जाऊ दिले नाही, कारण एकदा गेलेले मजूर कापसाच्या शेतावर परत येणार नाहीत ही भीती होती. मग त्या बांधावर छावणी पडली. तिच्यावर बंदूकधारी शिपायांचा पहारा बसला. गळ्यात बिल्ला असेल त्यालाच शिधा, आणि बिल्ला हवा तर काम करावे लागे. मदत रेड क्रॉसची, म्हणजे देशभरच्या दयाळू लोकांच्या पैशाची. पण ती वाटायची कुणी आणि कोणत्या अटीवर, हे गावच्या गोऱ्या मालकांनी ठरवले. रात्रभर काम करून घरी आलेल्या एका काळ्या माणसाने पुन्हा कामावर जायला नकार दिला म्हणून पोलिसाने त्याला गोळी घातली. खाली न्यू ऑर्लीन्सच्या सावकारांनी आपले शहर वाचवण्यासाठी २९ एप्रिलला कार्नार्व्हन येथील बांध सुरुंग लावून फोडला आणि गरिबांचे दोन तालुके बुडवले. भरपाईचे वचन दिले, ते बहुतांशी पाळले नाही.

त्या वेळी दूरचित्रवाणी नव्हती, रेडिओ होता. मदतकार्याचे प्रमुख हर्बर्ट हूवर यांनी रेडिओवरून देशाला हाक दिली, पैसे जमले, हूवर यांची कीर्ती झाली आणि पुढच्याच वर्षी ते अध्यक्ष म्हणून निवडून आले. छावण्यांतील छळाची हकिकत वॉल्टर व्हाइट यांनी बाहेर आणली आणि द्यु बॉइस यांच्या 'क्रायसिस' मासिकाने ती लावून धरली. (१९४६ साली बाबासाहेबांनी संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निग्रोंच्या निवेदनाविषयी ज्यांना पत्र लिहिले ते हेच द्यु बॉइस.) हूवर यांनी चौकशीसाठी काळ्या पुढाऱ्यांचीच एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष रॉबर्ट मोटन यांना मोठमोठी आश्वासने दिली आणि अहवाल मवाळ करून घेतला. आश्वासने हवेत विरली. आपल्या राखीव जागांवरच्या पुढाऱ्यांची आठवण ज्यांना होईल त्यांनी ती खुशाल होऊ द्यावी.

१९२७ चा मार्च म्हणजे महाडचे चवदार तळे. महिन्याभराच्या अंतराने जगाच्या दोन टोकांना पाण्यावरून ही दोन प्रकरणे घडली. इकडे पाण्याला हात लावू द्यायचा नाही, तिकडे पाण्यातून बाहेर पडू द्यायचे नाही.

२००५ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या काळ्या वस्तीत अनेक जण शपथेवर सांगत होते की आमचा बांध मुद्दाम उडवला. ते खरे नव्हते. बांधांची रचनाच सदोष होती आणि ती बांधणाऱ्या सैन्याच्या अभियंता विभागाने २००६ मध्ये ते कबूल केले. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. पण अफवा खोटी असली तरी तिच्या मुळाशी असलेला सुरुंग खरा होता, तो ७८ वर्षांपूर्वी फुटला होता. गोऱ्या प्रेक्षकाने पडद्यावर चार दिवसांपूर्वीचे वादळ पाहिले. काळ्या प्रेक्षकाने त्याच्यामागे आजोबांच्या गळ्यातला बिल्ला पाहिला. वेस्टचे वाक्य एकाला म्हणून उद्धटपणा वाटले आणि दुसऱ्याला रोजचे बोलणे.

या दुसऱ्या प्रेक्षकाने नुसते ऐकले नाही, उत्तरही दिले. ह्यूस्टन शहरात हजारो निर्वासित आले होते. तिथल्या दोघा तरुण गायकांनी थोड्याच दिवसांत वेस्टच्याच एका गाण्याच्या चालीवर ते वाक्य घोळवून नवे गाणे रचले आणि संगणकाच्या जाळ्यावर फुकट सोडून दिले. ते हां हां म्हणता देशभर गेले. अंगरख्यांवर ते वाक्य छापले गेले. पश्चिम किनाऱ्यासाठी कात्रीने कापलेले वाक्य अशा रीतीने कात्रीच्या हाताबाहेर गेले. १९२७ सालीही असेच झाले होते. बेसी स्मिथने पुरावरचे 'बॅकवॉटर ब्लूज' हे गाणे फेब्रुवारीत, म्हणजे मिसिसिपी फुटण्यापूर्वीच ध्वनिमुद्रित केले होते. पण पूर आला आणि काळ्या लोकांनी ते आपल्याच पुराचे गाणे ठरवून टाकले. आपल्या जलशांचे याहून काय निराळे होते?

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. ते एक वाक्य इतके गाजले की त्याच्या आधीचे बोलणे झाकून गेले. चित्रफीत दाखवल्यावर एका वर्षी एक विद्यार्थी म्हणाला, "सर, मदत मागायच्या ठिकाणी असं बोलायला नको होतं." पुष्कळ माना हलल्या, त्यात आपल्या वस्तीतल्या मुलांच्याही होत्या. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण सर, तो आधी स्वतःलाच बोलला की." मी फीत पुन्हा लावली. खरेच होते. मी तक्रार केली तर तो ढोंगीपणा होईल, असे वेस्ट म्हणतो. बघवेना म्हणून मी दूरचित्रवाणी बंद करायला बघत होतो, देणगी देण्याआधी खरेदीला जाऊन आलो, आता माझ्या व्यवस्थापकाला फोन करून जास्तीत जास्त किती देता येईल ते विचारतो आहे. आणि तिथे मी असतो तर? तिथे आहेत ती माझी माणसे आहेत. एवढी वर्षे हे शिकवून माझे त्याकडे लक्ष गेले नव्हते. का गेले नव्हते ते मला माहीत आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा आमची वस्ती पाण्यात गेली. मी दूरच्या शहरात भाड्याच्या खोलीत होतो. बातम्या बघवेनात म्हणून मी संच बंद केला, मोबाइलवरून एका निधीला दोन हजार रुपये पाठवले आणि झोपलो. आई शाळेतल्या छावणीत होती. तिथे एका मंडळाने सामानाच्या पिशव्या वाटल्या. पिशवी हातात देण्याआधी ती मंडळाच्या फलकापुढे धरून उभे राहायचे, मग छायाचित्र, मग पिशवी. आईचे छायाचित्र फिरत फिरत माझ्याच मोबाइलवर आले. पुढे तिला ते दाखवले तेव्हा ती म्हणाली, "ह्यो फोटू कुणाकुणाला गेला?" पिशवीत काय होते हे तिला आठवत नव्हते. तिला तेवढेच जाणून घ्यायचे होते.

वेस्टने मोडला तो हाच अलिखित करार. मदत घेणाऱ्याने फलकापुढे उभे राहावे, दीन दिसावे आणि मागचे काही काढू नये. मागचे काढले की दया हक्काची भाषा बोलू लागते, आणि ती ऐकायला देणारा तयार नसतो. याच कंपनीने त्याच वर्षी १५ जानेवारीला त्सुनामीग्रस्तांसाठी असाच मोठा कार्यक्रम केला होता. त्यात कुणी मजकुराबाहेर गेल्याचे गाजले नाही. तमिळनाडूतील नागपट्टिणम जिल्ह्यात दलितांना मदत छावण्यांतून हुसकावले जात होते आणि किनाऱ्यावरची प्रेते उचलायला दूरदूरच्या नगरपालिकांचे दलित सफाई कामगार आणले जात होते, तेव्हाची ही गोष्ट. ते सांगायला त्या पडद्यावर आपले कोणी नव्हते.

वेस्टला मी नायक करत नाही. २०१० मध्ये त्याने बुश यांच्याविषयी खेद दाखवला, २०१८ मध्ये तो ट्रम्प यांची लाल टोपी घालून अध्यक्षांच्या भेटीला गेला, २०२२ मध्ये त्याने ज्यूंविषयी उघड द्वेषाने गरळ ओकली. शेजारी गांगरून उभा राहिलेला मायर्स मात्र २०१४ मध्ये म्हणाला की सत्य बोलले गेले तेव्हा मी शेजारी होतो याचा मला अभिमान आहे. माणसे कुठून कुठे जातात! पण ते वाक्य त्या माणसाचे राहिले नव्हते. त्याने असेही म्हटले होते की शिपायांना आमच्यावर गोळ्या झाडायची परवानगी दिली आहे. त्याबद्दल त्याला माथेफिरू म्हणणाऱ्यांनी पुढची तारीख पाहावी. दोनच दिवसांनी, ४ सप्टेंबरला, डँझिगर पुलावर न्यू ऑर्लीन्सच्या पोलिसांनी निःशस्त्र काळ्या लोकांवर गोळ्या झाडल्या. दोघे मेले, चौघे जखमी झाले. पोलिसांनी गुन्हा कबूल करायला २०१६ साल उजाडले.

घरे पुन्हा बांधायला सरकारने जी योजना आणली तिचे नाव 'रोड होम', म्हणजे घराची वाट. तिचे अनुदान ठरवताना घर दुरुस्तीचा खर्च किंवा घराची पुरापूर्वीची बाजारातील किंमत, यांतील कमी असेल ती रक्कम धरत. काळ्या वस्तीतल्या घराची किंमत बाजारात मुळातच कमी, मग ते घर गोऱ्या वस्तीतल्या घराएवढेच का असेना आणि दुरुस्तीला तेवढाच खर्च का येईना. म्हणून अनुदानही कमी. फॉर्मवर वर्णाचा रकानाही लागला नाही. काळ्या घरमालकांनी आणि घरहक्कासाठी लढणाऱ्या संस्थांनी २००८ मध्ये खटला भरला. २०११ मध्ये तडजोड झाली आणि ६ कोटी २० लाख डॉलर द्यायचे ठरले. त्या रात्रीच्या कार्यक्रमात जमले होते त्याहून हे एक कोटी वीस लाखांनी जास्त आहेत. तोवर शहरातील काळ्यांची संख्या वादळापूर्वीपेक्षा सुमारे एक लाखाने कमी झालेली होती.